विटा करणाऱ्यांच्या बाजूने: हिब्रू धर्मग्रंथांतले नेतृत्वाचे धडे

पहिली पाळी करून, घरी चहा घेऊन आलेले बरेच जण समोर दिसताहेत. त्यांचे विशेष आभार, कारण आठ तास उभं राहून आल्यावर पुन्हा व्याख्यानाला बसणं सोपं नसतं. एक खुलासा आधीच करतो. बोलताना सारखं 'आम्ही' येईल. या विषयावर आम्ही चौघं मिळून वाचन करत आलो आहोत. दोघं टूलरूममधून निवृत्त झालेले, एक शाळेत शिकवणाऱ्या बाई आणि एक मी. आज मी बोलतोय, पण विचार चौघांचा आहे. तेव्हा चूक सापडली तर तीही चौघांत वाटून घेऊ.

विषयाची सुरुवात एका प्रशिक्षणापासून झाली. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर मंडळींसाठी दिवसभराचं नेतृत्व शिबिर होतं. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही, अशी शिबिरं आपल्या पट्ट्यात सगळीकडे होतात. आमच्यातला एक जण तिथे होता. पडद्यावर एक स्लाइड आली: मोझेस, त्याचा सासरा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'डेलिगेशन'. गोष्ट अशी की मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. सासरा इथ्रो येतो, बघतो आणि म्हणतो की अशानं तू थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. लहान तंटे त्यांनी मिटवावेत, अवघड तेवढे तुझ्याकडे यावेत. प्रशिक्षक म्हणाले, बघा, तीन हजार वर्षांपूर्वीचा ऑर्गनायझेशन चार्ट!

मागच्या रांगेतून एका लाइन सुपरवायझरनं हात वर केला. "सर, तो दहांवरचा जो माणूस आहे, त्यानं वर जाऊन सांगितलं की हे जमणार नाही, तर त्याचं कोण ऐकायचं?" प्रशिक्षक हसले आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे, चहानंतर घेऊ. चहानंतर दुसरी स्लाइड होती.

आजचं व्याख्यान म्हणजे त्या राहून गेलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आमचं म्हणणं एवढंच की उत्तर त्याच ग्रंथात आहे. स्लाइडवर मात्र ते येत नाही.

आधी ग्रंथ कोणता ते सांगू. ज्यू लोक ज्याला तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तोच. नेतृत्वाचे धडे काढणाऱ्यांनी त्याच्यावर बरंच लिहिलं आहे. १९९९ मध्ये डेव्हिड बॅरन या अमेरिकन रब्बींचं 'मोझेस ऑन मॅनेजमेंट' आलं. त्यात मोशेला जगातला सर्वांत थोर मॅनेजर ठरवून पन्नास धडे दिले आहेत. त्या जातीची पुस्तकं पुढेही येत राहिली, आणि त्यांचा अर्क गाळून गाळून आपल्या शिबिरांच्या स्लाइडपर्यंत पोचला.

या पुस्तकांची चेष्टा करण्यात आम्हाला रस नाही. जुन्या गोष्टीतून आजच्या कामाला काही मिळतं का हे पाहणं गैर नाही. आपले कीर्तनकार तेच तर करतात. शिवाय मोशेची माणसं ऐकत नाहीत, कुरकुर करतात, मागचंच बरं होतं म्हणतात. हे ज्यानं पाच माणसांची टीम सांभाळली आहे त्याला लगेच ओळखीचं वाटतं. आमचा आक्षेप वेगळा आहे. धडा काढताना गोष्ट कुठे कापली जाते, आणि कापताना नेहमी एकाच बाजूचा तुकडा का पडतो, हा आमचा प्रश्न आहे.

आता इथ्रोचीच गोष्ट घ्या. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो नुसती माणसं नेमायला सांगत नाही. कशी माणसं, तेही सांगतो. कर्तबगार, देवाला भिणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असणारी. चार अटींपैकी स्लाइडवर पहिलीच टिकते. लाचेची अट गळते, कारण ती ठेवली तर शिबिरात पर्चेस आणि लेबर कॉन्ट्रॅक्टच्या गप्पा निघतील.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. हाच प्रसंग अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे स्वतः पुन्हा सांगतो. तिथे सासऱ्याचा उल्लेखच नाही. आणि निवडीची पद्धत बदलली आहे. निर्गमात मोशे माणसं निवडतो. अनुवादात तो लोकांना म्हणतो की तुमच्या वंशांतली शहाणी, समजूतदार, माहितीतली माणसं तुम्ही द्या, मी त्यांना नेमतो. म्हणजे नाव लोकांनी सुचवायचं आणि नेमणूक वरून व्हायची. एकाच ग्रंथानं एकाच घटनेच्या दोन आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या, एकीला पुसलं नाही. आम्ही पाहिलेल्या कुठल्याही शिबिराच्या कागदांत दुसरी आठवण नव्हती. दहांवरचा माणूस त्या दहांनी सुचवलेला असेल तर तो वर जाऊन काय बोलेल, आणि वरून लादलेला असेल तर काय बोलेल, याचा अंदाज इथे बसलेल्या प्रत्येकाला आहे.

आता थोडं मागे जाऊ, निर्गमच्या पाचव्या अध्यायाकडे. मोशे मॅनेजर व्हायच्या आधी त्याची माणसं काय करत होती? विटा पाडत होती. मातीत पेंढा मळला की वीट वाळताना तडकत नाही, म्हणून पेंढा सरकारातून मिळायचा. मोशे आणि अहरोन फारोकडे जाऊन म्हणतात, लोकांना रानात जाऊन सण करू दे. फारो त्याच दिवशी हुकूम काढतो: यांना पेंढा देणं बंद, तो यांनी स्वतः गोळा करावा, आणि विटांची रोजची संख्या मात्र एकानंही कमी होता कामा नये. कारण काय, तर हे आळशी आहेत, हाताला काम कमी पडतं म्हणून यांना सुट्टी सुचते.

आमच्यातले टूलरूमवाले हे वाचून थांबले. म्हणाले, हा अध्याय आम्ही कामावर असताना कोणी का दाखवला नाही? माल वेळेवर येत नाही, तरी टार्गेट तेच. माणूस कमी झाला, तरी टार्गेट तेच. आणि कमी पडलं की कारण ठरलेलं, पोरं कामचुकार आहेत.

पण या अध्यायातली खरी माणसं मधली आहेत. फारोचे मुकादम मिसरी होते. त्यांच्या हाताखाली इस्राएली नायक होते, विटा करणाऱ्यांपैकीच, आजच्या भाषेत लाइन लीडर. संख्या भरली नाही तेव्हा मार या नायकांना बसला. ते फारोपुढे गेले आणि म्हणाले, पेंढा मिळत नाही, विटा मात्र मागता, मार आम्ही खातो, दोष तुमच्या माणसांचा आहे. फारोचं उत्तर एकच: आळशी आहात. परत येताना त्यांना वाटेत मोशे भेटला, तर त्यांनी त्यालाच शिव्याशाप दिले की तुझ्यामुळे हे झालं. वरून मार, खाली आपलीच माणसं, आणि पुढाऱ्यावर राग. चाकणच्या त्या सुपरवायझरचा प्रश्न इथे शब्दशः उभा आहे. जमणार नाही असं वर जाऊन सांगणारा माणूस या ग्रंथात आहे, आणि त्याचं कोणी ऐकलं नाही, हेही ग्रंथानं लिहून ठेवलं आहे. स्लाइड करणाऱ्यानं पाचवा अध्याय ओलांडून अठराव्यात उडी मारली, आणि उडीत नायक खाली राहिला.

म्हणून आम्हाला वाटतं की हा ग्रंथ विटा पाडणाऱ्यांच्या आठवणीतून लिहिलेला आहे. पुढाऱ्यांच्या गोष्टी त्यात आहेत, पण पुढाऱ्याकडे संशयानं बघणाऱ्या माणसांनी सांगितलेल्या. शास्ते या पुस्तकात योथामानं सांगितलेली झाडांची गोष्ट पाहा. झाडं राजा शोधत निघतात. जैतून नाही म्हणतं, मला तेल द्यायचं आहे. अंजीर नाही म्हणतं, मला गोड फळ द्यायचं आहे. द्राक्षवेल नाही म्हणते. शेवटी काटेरी झुडूप लगेच तयार होतं आणि म्हणतं, या माझ्या सावलीत. काटेरी झुडपाला सावली किती असते, हे आपल्याकडच्या माळरानावर वाढलेल्याला सांगायला नको.

शमुवेलाकडे लोक राजा मागतात तेव्हा तो यादीच वाचतो. तुमची पोरं रथापुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं घेईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल. लोक तरी हट्ट धरतात आणि राजा मिळतो. पण अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजाला वेसण आहे. त्यानं फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंचांदी साठवू नये. आणि नियमशास्त्राची प्रत करून घेऊन ती जन्मभर वाचावी, म्हणजे आपण आपल्या भावांहून वरचढ आहोत असं त्याच्या मनात येणार नाही.

आणि शमुवेल म्हातारा झाल्यावर काय करतो? सगळ्या लोकांपुढे उभा राहून हिशेब मागवतो. मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच खाल्ली, समोर सांगा, मी परत करतो. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेणारे आपण खूप पाहिले. आपल्याकडे याला जवळ जाणारी गोष्ट आम्हाला शिवाजी महाराजांच्या चिपळूण भागातल्या छावणीला लिहिलेल्या पत्रात दिसते. तिथे राजा आपल्याच लष्कराला बजावतो की रयतेच्या दाण्याला, गवताला, भाजीपाल्याला हात लावू नका. नेतृत्वाच्या शिबिरांत महाराजांचे गड येतात, गनिमी कावा येतो. हे पत्र त्यामानानं कमी येतं.

आता या पट्ट्याला थेट भिडणारी गोष्ट. शलमोनानं मंदिर बांधलं ते वेठीच्या मजुरांवर. तीस हजार माणसं, दहा दहा हजारांच्या तीन तुकड्या, एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. शिफ्टचं वेळापत्रकच म्हणा. तो वारल्यावर मुलगा रहबाम गादीवर येतो. लोक म्हणतात, बापानं जू जड केलं, तू हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. रहबाम तीन दिवस मागतो. म्हातारे सांगतात, आज तू यांचा सेवक हो, म्हणजे ते कायमचे तुझे होतील. बरोबरीची तरुण पोरं सांगतात, बापाहून कडक हो. तो पोरांचं ऐकतो. लोक विचारतात, मग दावीदाच्या घराण्यात आमचा वाटा कोणता? आणि उठून घरी जातात. रहबाम बोलणी करायला कोणाला पाठवतो? वेठीवरच्या अधिकाऱ्याला! लोक त्याला दगडांनी मारतात, राज्य दुभंगतं. आणि फुटलेल्या भागाचा राजा झालेला यराबाम कोण होता? शलमोनाच्या काळात मजुरांवर देखरेख करणारा, म्हणजे पुन्हा मधला माणूस.

'आमचा वाटा कोणता' हा प्रश्न आपल्याकडे अगदी आकड्यात विचारला गेला आहे. जून २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पात संप झाला, तो सुमारे पन्नास दिवस चालला. मागण्यांमध्ये एक होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर, प्रत्येकी एक रुपयानं. ऑगस्टमध्ये संप मागे घेतला गेला, ती मागणी मान्य झाली नाही. मागणी बरोबर की अवाजवी यावर या सभागृहात दोन मतं असतील, आमच्या चौघांतच आहेत. पण ती विचारताना माणसं पगाराच्या पलीकडचं काही विचारत होती. नेतृत्व शिकवणाऱ्यानं रहबामाची गोष्ट 'सल्लागार नीट निवडा' एवढ्या धड्यावर संपवली, तर तो प्रश्न त्याला ऐकूच आलेला नसतो.

कोणी म्हणेल, हे सगळं परक्यांचं आहे, आपला काय संबंध? मंडळी, मराठीत या गोष्टींचं वाचन अमेरिकन पुस्तकांच्या शंभर वर्षं आधीपासून आहे. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींची घरची भाषा मराठी. १८८० च्या सुमारास त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं लावून मराठी कीर्तनं सुरू केली. इकडे केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी हवी हा त्यांचा आग्रह, आणि छापखान्यात हात होते ते मुक्ती मिशनमधल्या मुलींचे. १९४१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मोशेवर लेख लिहिला, तो गुलामीतून माणसं बाहेर काढणारा पुढारी म्हणून. यांच्यापैकी कोणालाही मोशेत मॅनेजर दिसला नाही. ते खालून वर बघत होते.

याच बेने इस्राएलांमधून आम्हाला सगळ्यात मोठा धडा मिळाला. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव पाडलं 'शनिवार तेली'. आता दहा आज्ञांमधली विश्रामाची आज्ञा अनुवादात उघडा. सातव्या दिवशी तू काम करू नको, तुझ्या दासानं नको, दासीनं नको, बैलानं नको, गाढवानं नको. आणि कारण दिलं आहे की तू स्वतः मिसरात गुलाम होतास, हे आठव. मराठीत न संपणाऱ्या कष्टाला आपण 'घाण्याचा बैल' म्हणतो. त्याच मराठी मुलखात एका जमातीच्या घाण्याचा बैल आठवड्यातून एक दिवस सुटा उभा असायचा. मालकाच्या सत्तेला पहिली मर्यादा तिथे पडते. त्या दिवशी मालकही हुकूम देऊ शकत नाही.

आपली साप्ताहिक सुट्टीही अशीच कोणी दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, रविवार हा खंडोबाचा वार म्हणून सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० ला ती मिळाली. लोखंड्यांचं मूळ गाव कन्हेरसर. तालुका खेड, चाकण ज्या तालुक्यात आहे तोच. आपल्याकडे बऱ्याच शॉपना गुरुवारची सुट्टी असते, आणि डिस्पॅच अडकला की पहिला बळी त्या गुरुवारचाच जातो. गुरुवारी या, असं सांगण्याचा अधिकार कोणाला आहे आणि नाही म्हणण्याचा कोणाला, हे बघा. तुमच्या कारखान्यातलं नेतृत्व तुम्हाला कळेल. कंत्राटी पोराला नाही म्हणता येतं का, हेही त्याच वेळी बघा.

शेवटी आमच्याच म्हणण्यावर एक आक्षेप. हा ग्रंथ काही कामगार चळवळीचा जाहीरनामा नाही. त्यात परदेशी गुलाम विकत घ्यायला परवानगी आहे. जिंकलेल्या गावांच्या कत्तली आहेत. शलमोनाच्या वेठीबद्दल एके ठिकाणी इस्राएलांना वेठीला धरलं म्हटलं आहे, दुसरीकडे नाही म्हटलं आहे. मिसरात गुलाम असलेली माणसंही पुढे मालक होतात आणि विसरतात. हे झाकून आम्ही आमच्या सोयीचा तुकडा कापला, तर आमच्यात आणि स्लाइडवाल्यांत फरक काय? आम्हाला दिसतं ते असं की हा विसर त्या लोकांना माहीत होता. म्हणून तर 'तू गुलाम होतास, आठव' हे इतक्यांदा सांगावं लागलं. विसरणाराच आठवण लिहून ठेवतो.

मग पुढच्या शिबिरात काय करायचं? उठून भांडायची गरज नाही. स्लाइड आली की तीन गोष्टी विचारा. ही गोष्ट विटा करणारा कशी सांगेल? दहांवरचा माणूस कोणी निवडला? आणि पुढाऱ्याला हात लावता येणार नाही अशी एखादी गोष्ट, एखादा दिवस, या व्यवस्थेत आहे का? उत्तर मिळालं तर ते शिबिर चांगलं समजा. चहानंतर घेऊ म्हणाले, तर चहानंतर पुन्हा हात वर करा.

त्या सुपरवायझरला आम्ही आजचं निमंत्रण दिलं होतं. त्याचा फोन आला, येता येत नाही, गुरुवार असूनही बोलावलं आहे. वेळ झाली, आम्ही थांबतो.